औषधे अनियमित

मास्तरांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या, तेव्हा दुकानाचा मालक नुसता हसला. कापड दुहेरी घालून कापलं की एक बाही डावी आणि एक उजवी आपसूक निघते. तीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसानं ही चूक करायची म्हणजे सरळ रस्ता सोडून मुद्दाम खड्ड्यात उतरायचं. पण मास्तरांनी कापड एकेरी पसरलं होतं, साचा ठेवून एकदा कापलं होतं आणि तोच साचा तसाच ठेवून पुन्हा कापलं होतं. पुढच्या आठवड्यात ते खडू हातात धरून टेबलाशी तासभर उभे राहिले, कारण रेघ कुठून सुरू करायची ते त्यांना आठवेना. त्या दिवशी मालक हसला नाही. त्यानं मास्तरांना गाडीत घातलं आणि घरी आणून सोडलं.

"वहिनी, ह्यांचे डोळे दाखवून घ्या एकदा," तो म्हणाला.

डोळ्यांचं काही नव्हतं, हे मास्तरांच्या बायकोला दोन दिवसांत कळलं. ती लाँड्रीत इस्त्री करायची. आळीत तिला इस्त्रीवालीच म्हणत. नवरा कापायचा आणि बायको घड्या घालायची, त्यामुळे घरात कापडाशिवाय दुसरं बोलणं नाही, असं लोक चेष्टेनं म्हणत. घरात आणखी एक गोष्ट होती, पण ती लोकांना माहीत नव्हती. दोघांच्याही रक्तात एचआयव्ही होता. तो कुठून आला आणि कुणाकडून कुणाला गेला, हे दोघांनी चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी भांडून, रडून बोलून घेतलं होतं आणि त्यावर कायमचा पडदा टाकला होता. तेव्हापासून रोज सकाळी आठला, चहाच्या आधी, दोघं समोरासमोर बसून एकेक गोळी घेत. मास्तर पाण्याचा पेला उचलून म्हणत, "चला, आजचा दिवस कमावला."

गोळ्या देणाऱ्या केंद्रात जुनी बाटली परत आणायला लावत आणि उरलेल्या गोळ्या मोजून बघत. चौदा वर्षांत मास्तरांची एकही गोळी जास्त निघाली नव्हती. तिच्या दोनदा निघाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा त्यांनी तिला आठवडाभर टोमणे मारले होते. माणूस तसा बोलायला गोड, पण गोळीच्या बाबतीत पक्का खाष्ट.

आता तो माणूस तिच्या डोळ्यांदेखत चालला होता. आधी पायांचा तोल गेला, मग चमचा तोंडाऐवजी कानाकडे जायला लागला. एका सकाळी आरशातल्या स्वतःलाच त्यांनी विचारलं, "काय साहेब, ट्रायल आज की उद्या?" हातपाय मधूनच झटका बसल्यासारखे उडायचे. सहा आठवड्यांत एवढं सगळं झालं. रोज सकाळी उठावं तर कालच्यातला थोडा नवरा कमी झालेला असायचा, आणि हे थांबवायचं कसं ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं तेव्हा तिला थोरल्या दिरांना फोन करावा लागला. त्यांच्याकडे गाडी होती, एवढंच कारण. थोरले म्हणजे नाकानं कांदे सोलणारा माणूस. भावाचा आजार कळल्यावर त्यांच्या घरी ह्या दोघांसाठी कान तुटलेले दोन कप वेगळे काढण्यात आले, आणि ते कप न्हाणीघराच्या खिडकीत, फिनेलच्या बाटलीशेजारी ठेवलेले असत. एकदा तिनं ते पाहिलं आणि त्या घरचा चहा सोडला. पुढे जाणं-येणंही सुटलं. आज गाडीत मागच्या सीटवर थोरल्यांनी प्लास्टिक अंथरून आणलं होतं. तिनं ते पाहिलं आणि नवऱ्याला त्यावर बसवलं, कारण अडला हरी गाढवाचे पाय धरी.

खरा घोटाळा इस्पितळाच्या दारातच झाला. ती खिडकीवर कागद भरत होती तेवढ्यात एका तरुण डॉक्टरनं थोरल्यांना गाठलं. आजार कुठला ते त्याला कळलेलं होतं. त्यानं विचारलं, "गोळ्या नियमित घेतात का हे?"

"हा?" थोरले म्हणाले. "हा लहानपणापासून कशात नियमित आहे? गोळ्या कसल्या घेतोय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. चौदा वर्षांत ज्या माणसानं भावाच्या घरचा उंबरा ओलांडला नाही, तो भावाच्या गोळ्यांची साक्ष देत होता. डॉक्टरनं मान डोलावली आणि पहिल्या पानावर लिहिलं: औषधे अनियमित.

ती परत आली तेव्हा शाई वाळलेली होती. "हे चूक आहे," ती म्हणाली. "रोज सकाळी आठला घेतात. माझ्यासमोर."

"नातेवाइकांनीच सांगितलंय."

"मग मी कोण आहे?"

"आता लिहून झालंय, मावशी. राउंडला मोठे डॉक्टर येतील, त्यांना सांगा."

संध्याकाळी वॉर्डच्या सिस्टरनं मास्तरांची गोळ्यांची बाटली मागितली. ही औषधं वॉर्डात ठेवत नाहीत, रुग्णानं घरून आणलेलीच आम्ही सकाळी देतो, ती म्हणाली, फक्त नाव लावून द्या. इस्त्रीवालीच्या पिशवीत लाँड्रीच्या चिठ्ठ्या होत्याच, कपड्यांच्या गाठोड्याला लावतात त्या कापडी. तिनं एकीवर मास्तरांचं नाव आणि खाटेचा नंबर लिहिला, दोरा झाकणावरून घेऊन बाटलीच्या गळ्याशी फिरवला आणि लाँड्रीतली दुहेरी गाठ मारली. ती गाठ सुटत नाही, कापावी लागते, म्हणजे धुलाईत चिठ्ठ्यांची अदलाबदल होत नाही.

"अहो, ह्याला कात्री लागेल," सिस्टर म्हणाली.

"उद्या सकाळी कापा एकदा. नव्वदातल्या नऊ झाल्यात, एक्क्याऐंशी आहेत."

सिस्टरनं बाटली कपाटात ठेवली. इस्त्रीवाली घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एकटीच पाण्याचा पेला घेऊन बसली. भेटायची वेळ चार ते सहा. सकाळी आत सोडत नसत. पण ह्या क्षणी तिकडेही कुणीतरी त्यांच्या जिभेवर गोळी ठेवत असेल, असं मनात धरून तिनं तिची गिळली. तेव्हापासून ती रोज तसंच करायला लागली, घड्याळाकडे बघून, एक मिनिट इकडे-तिकडे होऊ न देता.

वॉर्ड म्हणजे किळस. तिला दुसरा शब्द सापडला नाही आणि तिनं शोधलाही नाही. चादरीवरचा डाग कशाचा आहे, किती दिवसांचा आहे आणि कितीदा वरवर बुचकळून परत अंथरला आहे, हे तिला वासावरून कळायचं, आणि तिथल्या एकाही चादरीबद्दल तिला खोटं बोलता आलं नसतं. ताट खाटेवर न ठेवता जमिनीवरून पायानं पुढे सरकवलं जायचं. मास्तरांच्या खाटेला लाल पट्टी बांधली होती, त्यामुळे त्यांचं अंग पुसायला आलेली आया दोन-दोन हातमोजे घालायची आणि पुसायची मात्र फक्त तोंड. बाकीचं इस्त्रीवाली चारला येऊन करायची. पहिला अर्धा तास त्यातच जायचा. नवऱ्याची घाण काढताना तिला कधी शिसारी आली नाही. ती यायची शेजारी नाक दाबून उभं राहणाऱ्यांची.

एक दिवस ती दारातच थबकली. आया शेजारच्या खाटेवाल्यांना गंमत दाखवत होती. तिनं मास्तरांच्या कानाजवळ टाळी वाजवली. मास्तरांचं सगळं अंग खाटेवरून उडालं आणि डोळे भीतीनं फाटले. शेजारचे हसले. आयानं पुन्हा टाळी वाजवली. इस्त्रीवालीनं पिशवी खाली ठेवली, पुढे जाऊन तिचे दोन्ही हात मनगटाला धरले आणि तसेच धरून ठेवले. रोज आठ-आठ तास इस्त्री दाबणारे ते हात होते.

"मी नुसतं बघत होते, जागे आहेत का," आया म्हणाली.

"जागे आहेत," ती म्हणाली, आणि मग सोडलं.

पण टाळीचं पाप निदान टाळी वाजवणारीचं. त्या एका ओळीचं पाप कुणाचं, तेच सापडेना. वॉर्डात अशी पद्धत होती की नवा डॉक्टर आला की आधीच्या पानावरून हकिकत उतरवून घ्यायचा आणि मग पुढे लिहायचा. पहिल्या पानावरची ओळ दुसऱ्यावर आली, दुसऱ्यावरून तपासणीच्या कागदावर, तिथून समुपदेशन करणाऱ्या बाईच्या वहीत. प्रत्येक ठिकाणी ती थोडी फुगली. अनियमितचं "वारंवार बंद" झालं, वारंवार बंदचं "अनेक वर्षे बंद." आणि सगळ्यांचं एकच अनुमान: औषधं सोडली, विषाणू मेंदूत शिरला, आता काय बोलायचं. समुपदेशनवाली बाई तिला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही तरी नीट घेताय ना? बघताय ना काय होतं ते?"

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. कारण तिला माहीत होतं की त्यांनी एकही गोळी चुकवली नव्हती. मग हे जर त्या विषाणूनंच झालं असेल, तर चौदा वर्षांच्या गोळ्या पाण्यात गेल्या, आणि दोनदा चुकवणारी ती आज ना उद्या ह्याच रांगेत होती. आणि हे विषाणूनं नसेल, तर एक खरा माणूस खोटा ठरून मरत होता. दोन्हीपैकी काय, हे तिला हवं होतं. बाकी तिला काहीच नको होतं.

चौथ्या दिवशीच रक्ताचा रिपोर्ट आलेला होता. विषाणू सापडत नाही, इतका कमी. ज्यानं औषधं सोडली त्याचा रिपोर्ट असा येत नाही, हे तिच्यासारख्या बाईलाही ठाऊक होतं. तिनं तो तरुण डॉक्टरला दाखवला.

"हो, रिपोर्ट चांगला आहे," तो म्हणाला, "पण हकिकतीत तसं आहे ना."

तिला त्या क्षणी त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. शिकलेला, इस्त्रीचा डगला घातलेला पोरगा, आणि हातातल्या कागदापेक्षा थोरल्यांच्या तोंडाची वाफ त्याला खरी वाटत होती. डगल्याची इस्त्रीही धड नव्हती, कॉलरला चुणी होती.

विसाव्या दिवशी मेंदूच्या मोठ्या डॉक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं तुटक. त्यांनी जुनी पानं बघितलीच नाहीत. मास्तरांचे हात हलवून पाहिले, डोक्याला तारा लावून आलेखाचा लांब कागद काढला, मेंदूचे फोटो खिडकीच्या उजेडात धरून बघितले, आणि तिला आपल्या खोलीत बसवून घेतलं.

"ह्यात एचआयव्हीचा हात नाही," त्या म्हणाल्या. "रक्तात विषाणू सापडत नाही, पाठीत सुई घालून काढलेल्या पाण्यातही नाही. त्यांनी गोळ्या अगदी व्यवस्थित घेतलेल्या आहेत."

इस्त्रीवालीनं पदर तोंडाशी धरला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली.

बाईंनी तिला रडू दिलं, मग सांगितलं. आजाराचं नाव प्रायॉनचा आजार. मेंदूत एक प्रथिन असतं, सगळ्यांच्याच. त्यातलं एखादं चुकीचं दुमडतं. मग ते शेजारच्याला तसंच दुमडायला लावतं, ते त्याच्या शेजारच्याला. का, ते बहुतेक वेळा कळत नाही. वर्षाला दहा लाखांत एखाददुसऱ्याला होतो, एचआयव्ही असो वा नसो. औषध नाही. काही आठवडे, फार तर.

"घडी," इस्त्रीवाली म्हणाली.

"काय?"

"एक चादर चुकीची घडी घातली की तिच्यावर ठेवलेल्या सगळ्या तशाच बसतात. मग गठ्ठाच मोडावा लागतो."

"इथे गठ्ठा मोडता येत नाही," बाई म्हणाल्या. "लवकर कळलं असतं तरी वाचवता आलं नसतं. पण फाइलवर ते एक नाव बघून सगळे तिकडेच शोधत बसले, आणि तुम्हाला तीन आठवडे नको ते ऐकावं लागलं. त्याची मला लाज वाटते."

"मला होईल का हे?"

"त्यांच्यामुळे नाही. तुमच्या गोळ्यांचा, विषाणूचा ह्याच्याशी संबंध नाही. तुम्ही तुमच्या घेत राहा."

इस्त्रीवालीनं डोळे पुसले आणि फाइल त्यांच्यापुढे सरकवली. "मग ती ओळ खोडा."

बाईंनी पान न पान उलटून सहा ठिकाणी ती ओळ खोडली आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. बैल गेला आणि झोपा केला, पण केला तरी. त्या संध्याकाळी इस्त्रीवालीनं मास्तरांच्या कानाशी हळूच, ते दचकू नयेत अशा आवाजात सांगितलं, "अहो, खोडली हो." त्यांना बोलणं येत नव्हतं, समजत होतं का कुणास ठाऊक. डोळे उघडे होते.

बातमी थोरल्यांना कळली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा ते भेटायच्या वेळेत, फळं घेऊन आले. चेहऱ्यावर काय तो उजेड. "म्हणजे हा त्या आजाराचा नव्हेच!" ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "दहा लाखांत एक! मी म्हणतच होतो, आमच्या घरात असलं काही निघायचं नाही." त्यांनी भावाचा हात हातात घेतला. चौदा वर्षांत पहिल्यांदा घेतला. नातेवाइकांना कळवायचा मजकूर त्यांनी खिशातून आणलाच होता: मेंदूच्या दुर्धर विकाराने. मास्तरांचा श्वास अजून चालू होता, आणि थोरले मरणाचा मजकूर वाचून दाखवत होते.

मग त्यांनी फोनवर त्या आजाराचं नाव शोधलं. वाचता वाचता त्यांचे ओठ हलायचे थांबले. अशा मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलेली हत्यारं पुन्हा वापरत नाहीत, नष्ट करतात, असं काहीसं त्यांच्या नजरेला पडलं असावं. त्यांनी भावाचा हात खाली ठेवला, रुमाल काढून बोटं एकेक करून पुसली आणि मग तो रुमाल कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"हात लावल्यानं काही होत नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "त्या वेळीही होत नव्हतं."

"तसं नाही गं, पण घरात नातवंडं आहेत," थोरले म्हणाले, आणि फळं तशीच ठेवून दाराकडे सरकले.

तिनं फळं उचलून त्यांच्या हातात परत दिली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. तिला राग आला नाही, नुसता वीट आला, शिळं अन्न पुढ्यात आल्यावर येतो तसा.

इस्पितळातल्या तेहेतिसाव्या सकाळी मास्तर गेले. तिला साडेनऊला फोन आला. तोवर तिची गोळी घेऊन झाली होती.

देह दोन पिशव्यांत बांधून ठेवला होता, आणि बांधणारा लांब उभा राहून सही कुठे करायची ते बोटानं दाखवत होता. तिनं सही केली. मग वॉर्डात सामान घ्यायला गेली. सिस्टरनं कपाटातून एक पुडकं काढलं: चष्मा, कंगवा, धुवायला न्यायचा राहिलेला शर्ट, आणि बाटली.

झाकणावरून दोरा गेलेला होता. गळ्याशी दुहेरी गाठ होती, तिचीच. चिठ्ठीवर तिच्या अक्षरात नाव आणि खाटेचा नंबर. दोरा कुणी कापला नव्हता, ओढूनही बघितला नव्हता. तिनं बाटली हलवली. एक्क्याऐंशी गोळ्या आत खळखळल्या.

"सिस्टर, ही कुणी उघडलीच नाही."

सिस्टरनं बाटलीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "अहो, सकाळपाळीच्या मुली बदलत असतात. आणि फाइलवर होतंच ना, घेत नाहीत म्हणून. मग आग्रह कोण करणार?"

"मी रोज विचारायचे. तुम्ही म्हणायचात, दिली."

"औषधांच्या तक्त्यावर खूण असायची."

इस्त्रीवालीला तिथेच, त्या फिनेल मारलेल्या ओल्या फरशीवर, उलटी झाली. पाण्याशिवाय काही पडलं नाही. तेहेतीस सकाळी ती घड्याळाकडे बघत पेला उचलत होती आणि त्यांच्याबरोबर घेतेय असं समजत होती. त्या प्रत्येक सकाळी ही बाटली ह्या कपाटात, अंधारात उभी होती. चौदा वर्षं एक दिवस न चुकवणाऱ्या माणसाच्या गोळ्या अखेर चुकवल्या होत्या, आणि त्यानं नव्हत्या चुकवल्या.

तोंड पुसून ती उठली. टेबलाशी तोच तरुण डॉक्टर शेवटचा कागद लिहीत होता. तिला बघून तो चटकन उभा राहिला. इतक्या दिवसांत तो थोडा सुधारला होता, किंवा मोठ्या बाईंना घाबरत होता.

"मावशी, ती ओळ ह्यात नाही," तो म्हणाला. "मी स्वतः तपासलंय. तुम्ही निश्चिंत राहा."

तिनं बाटली त्याच्या कागदावर ठेवली, चिठ्ठी त्याला दिसेल अशी. तो वाकून बघू लागला. गाठ कळायला त्याला थोडा वेळ लागला, मग त्याचे कान लाल झाले.

"ह्यानं काही फरक पडला नसता," तो हळू म्हणाला. "तो आजार वेगळाच होता."

"ते मला माहीत आहे."

"मग?"

"मग ती ओळ परत लिहा," इस्त्रीवाली म्हणाली. "औषधे अनियमित. तेहेतीस दिवस. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि कुठे, तेही लिहा."

त्यानं दाराकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर कपाट बंद करत होती. इस्त्रीवाली खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. भेटायची वेळ नव्हती, पण तिला ऊठ म्हणायला कुणी पुढे झालं नाही.

"लिहा," ती म्हणाली. "मी बसलेय."